किर्लोस्कर ब्रदर्स : पाटीवरचे दोघे भाऊ

आमच्या मांजलपुरातल्या जुन्या मराठी घरांतून कोणी ना कोणी मकरपुरा जीआयडीसीत नोकरीला गेलेले असतेच. कोणी फिटर, कोणी टर्नर, कोणी कलाभवनातून डिप्लोमा करून सुपरवायझर झालेला. आम्ही सरकारी नोकरीत शिरलो, पण जातकुळी तीच, डिप्लोमावाल्यांची. त्यामुळे यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासातले एखादे चरित्र लिहा, असे मंडळाने सांगितले तेव्हा लढाया आणि तह बाजूला ठेवून ज्यांच्याजवळ इंजिनिअरिंगची पदवी नव्हती अशा एका इंजिनिअरकडे आम्ही वळलो. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे लक्ष मात्र चित्रांत आणि यंत्रांत. १८८५ साली तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि तिथे कळले की त्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगकाम सुटले. मग त्याने यांत्रिक ड्रॉइंग धरले, कारण तिथे रेघ सरळ आणि माप बरोबर असले की पुरे. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन निघाले ते १८९० साली. देशी माणसाने यंत्रविद्या शिकावी, ही हवाच त्या काळात होती.

आता घरची गोष्ट. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा होते. दोघांनी मिळून सायकलींचा धंदा काढला आणि पाटी लावली, 'किर्लोस्कर ब्रदर्स'. कंपनी आपली स्थापना १८८८ ची मानते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, गिऱ्हाईकाला चालवायलाही शिकवायचे. इन्स्टिट्यूटमध्ये हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली, तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि भावाकडे बेळगावला आले. पाठीशी रामूअण्णा नसते तर चालती नोकरी सोडण्याचे धाडस त्यांना झाले असते का? आम्हाला तरी वाटत नाही. चरित्रे बहुधा एकाच नावाने लिहिली जातात, पण कंपनीची पाटी पहिल्यापासून दोघांची आहे.

बेळगावात आधी कडबा कापायची यंत्रे झाली, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष कालवते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे माल पडून राहिला तर एकत्र घरात काय बोलणी होतात, हे आपल्यापैकी ज्यांनी धंदा केला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पण लाकडी नांगर नुसता ओरखडा काढतो आणि लोखंडी नांगर माती उलथून हरळी मुळासकट वर आणतो, हे एकदा शेतात दिसले आणि मग मागणी आली.

इतक्यात बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितले. तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल गावाजवळची जमीन आणि कर्ज दिले. जमीन ३२ एकर, पण माळरान, निवडुंग आणि साप. १९१० साली कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन किर्लोस्कर तिथे राहायला गेले.

आमच्या मते लक्ष्मणरावांचे कुटुंबवत्सल असणे इथे खरे दिसते. त्यांनी कारखान्याबरोबर घरेही उभी केली. गावाची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे गेला. शंभूराव जांभेकर पडेल ते काम करणारे, यंत्रांत मुरलेले. अनंतराव फळणीकर शाळेत मागे पडलेले, इथे कल्पक इंजिनिअर ठरले. ज्यांना बाहेर कोणी उंबऱ्यात उभे केले नसते अशा, शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रखवालदार नेमले. वस्तीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम. माणसाला घरचा मानले की तो घरचा होतो, हे बोलायला सोपे आहे. माळावर, रात्री, रखवालीची काठी त्याच्या हाती देणे सोपे नव्हते.

पुतणे शंकरराव यंत्रांपेक्षा लेखणीत रमणारे. काकांनी तेही सामावून घेतले. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली, तिचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. आपल्या आज्या-आत्यांच्या ट्रंकेत हे अंक जपून ठेवलेले आम्ही पाहिले आहेत. ते नांगराच्या कारखान्यातून निघत होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकला, १९२६ साली पदवीधर झाला आणि परत आला. आज आपल्या सोसायट्यांतली किती मुले तिकडे आहेत आणि दर गणपतीला आपण व्हिडिओ कॉलवर आरती कशी दाखवतो, ते मनात आल्याशिवाय राहत नाही. शंतनुराव परतले ते वाडीलाच. पुण्याचा ऑइल इंजिनचा कारखाना त्यांच्या कारकिर्दीत, १९४६ चा.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाताना पुणे-मिरज मार्गावर एक स्टेशन लागते. पूर्वी त्याचे नाव कुंडल रोड होते. आता फलाटावर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले आहे.