स्टीव्हन्सबाई

दहावीनंतर आपल्यापैकी जे इंजिनिअरिंगच्या वाटेला लागले, त्यांतल्या अनेकांनी अकरावीला बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतलं. मीही घेतलं. जेनेटिक्स म्हणजे मेंडेलचे वाटाणे, एवढ्यावर माझं ज्ञान थांबलं. गेल्या वर्षी इथे कॅलिफोर्नियात, घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, जेनेटिक्सचा प्राथमिक अभ्यासक्रम संध्याकाळी केला. ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजं. मार्क न विचारता प्रवेश देतात, त्यामुळे वर्गात विशीतली मुलं आणि माझ्यासारख्या चाळिशीतल्या बायका शेजारी बसतात. राज्यातलं पहिलं १९१० साली फ्रेस्नोला निघालं.

तिथे नेटी स्टीव्हन्स भेटल्या. जन्म १८६१, व्हरमाँट राज्यातला. मूळच्या शाळेतल्या शिक्षिका, म्हणून मी त्यांना बाईच म्हणते. अनेक वर्षं नोकरी करून १८९६ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्या स्टॅनफर्डला विद्यार्थिनी झाल्या. १९०३ मध्ये ब्रिन मॉर कॉलेजातून डॉक्टरेट.

नर की मादी हे कशावरून ठरतं, हा तेव्हा वादाचा प्रश्न होता. आहार, तापमान अशी कारणं मोठमोठे शास्त्रज्ञ देत. बाईंनी पिठात होणाऱ्या किड्याच्या पेशी घेतल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजली. मादीत २० मोठी. नरात १९ मोठी आणि एक इवलंसं. म्हणजे प्रत्येक अंड्यात १० मोठीच जाणार. शुक्रपेशींत मात्र निम्म्यांत १० मोठी, निम्म्यांत ९ मोठी आणि ते छोटं. छोटं आलं की नर. ठरतं ते बापाकडून. निबंध छापला १९०५ साली. त्याच वर्षी एडमंड विल्सन स्वतंत्रपणे याच दिशेला पोचले होते, पण ते अजून बिचकत होते. माणसातही हाच हिशेब लागतो. आपण शाळेत एक्स आणि वाय म्हणून शिकलो तो. त्यामागे एक बाई होती, हे कुणी सांगितल्याचं मला तरी आठवत नाही.

माझ्या मावशीला तिसरी मुलगी झाली, तेव्हा सासरी महिनाभर कुणी तिच्याशी धड बोललं नाही. नवऱ्याला कुणी काही विचारलं नाही. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, गर्भजल परीक्षेच्या गैरवापराविरुद्ध महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. आपण तेव्हा प्राथमिक शाळेत होतो.

बाई १९१२ साली स्तनाच्या कर्करोगाने गेल्या, वय ५०. त्यांचे ब्रिन मॉरचे शिक्षक थॉमस हंट मॉर्गन यांना फळमाशीवरच्या कामासाठी १९३३ चं नोबेल मिळालं. त्यांच्या पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या आम्हीही प्रयोगशाळेत मोजल्या. नर-मादी ओळखता येईपर्यंत माझे दोन आठवडे गेले.

सत्र संपल्यावर मावशीला फोन करून किड्याची सगळी गोष्ट सांगितली. आता ती पंच्याहत्तरीची आहे. शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कुठलं साल म्हणालीस?"