खुद्री: मुळा-मुठेतल्या एका नावाची कुळकथा

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने लढलेल्यांत विल्यम हेन्री साइक्स हा अधिकारी होता. पुढे पेशवाई गेली, आणि १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्यालाच दख्खनची पाहणी करायला नेमले. गावे, पिके, पाऊस, पक्षी यांच्यासोबत नद्यांतले मासेही त्याने टिपले.

१८३९ मध्ये त्या माशांची वर्णने लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. नव्या जातींची नावे ठेवताना साइक्सने अनेकदा इथलाच शब्द उचलला. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला मोठ्या खवल्यांचा मासा ‘खुद्री’ झाला. मिशा नि काटे असलेला शिंगाळा, कोळस, मुस्कटावर टेंगूळ असलेला नुकता हीही नावे शास्त्रात गेली आणि आजही तिथे आहेत. एवढे बारीक भेद नावानिशी ओळखणारे लोक म्हणजे रोज पाण्यात उतरणारे, जाळे टाकणारेच असणार. शास्त्रात जातीच्या नावापुढे तिचे पहिले वर्णन छापणाऱ्याचे नाव लागते. तिथे साइक्स आहे. मासा ओळखून देणारा नाही. मला हे अन्यायाचे वाटते.

कारण त्या लोकांचे ज्ञान नावांवर थांबत नव्हते. पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, ती वलगण. ती कुठल्या ओढ्यात शिरते, उन्हाळ्यात कुठला डोह आटत नाही, कुठे अंडी पडतात, हे भोई आणि कातकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. बंधाऱ्याने वलगण अडली, की पाण्याचा नमुना बाटलीत भरण्याआधी ते त्यांना कळते.

नदीतल्या माशांची मोजदाद साइक्सनंतरही होत राहिली. १९४२ मध्ये फ्रेझर या अभ्यासकाने पुण्याच्या माशांची यादी केली, २००३ मध्ये वाघ आणि घाटे या संशोधकांनी मुळा-मुठेचे मासे पुन्हा तपासले. प्रदूषण आणि बाहेरून आणलेले मासे यांनी नदीचे काय केले, ते या नोंदींतून दिसते. आज जाळ्यात बाहेरून आलेली चिलापी येते.

नदीकाठच्या लोकांचे ज्ञान अशा तपासणीत घेता येते. त्याच २००३ मध्ये न्यूझीलंडने तिथल्या मूळ रहिवासी माओरींसोबत प्रवाह तपासण्याची पद्धत छापली. तिच्यात जागेशी असलेले नाते, तिथे मिळणारे अन्न आणि प्रवाहाची प्रकृती, तिन्हींचे मूल्यमापन होते, आणि ते माओरी स्वतः करतात. २०१७ च्या कायद्याने तर व्हांगानुई नदीला व्यक्तीचा दर्जा मिळाला. तिच्या वतीने बोलणाऱ्या दोघांपैकी एक जण तिथल्या जमातींनी निवडलेला असतो.

पुण्यात नदीकाठ विकासाची कामे चालू आहेत. काठाला भिंत घालण्याआधी खडकीच्या होळकर पुलापासून मुळा-मुठेच्या संगमापर्यंतचे डोह, चढणीच्या वाटा आणि मासे यांची नोंद भोई मच्छीमारांना सोबत घेऊन झाली पाहिजे. त्या कामाचा त्यांना मेहनताना मिळावा, आणि अहवालावर त्यांची नावे छापली जावीत.