हिंसेचा कर्ता : मराठी नाटक व चित्रपट

आधुनिक मराठी कलाकृतींत हिंसा किती दाखविली गेली, ह्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. ती कोणाच्या नावावर मांडली गेली, ह्याची त्या मानाने थोडी. ह्या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा झाल्यास व्याकरणातील कर्ता, कर्म आणि क्रिया ह्या संज्ञा उपयोगी पडतात.

विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ डॉ. श्रीराम लागू ह्यांनी १९७० साली रंगभूमीवर आणले. त्यात कर्ता उघड आहे : एकाच घरातील बाप आणि त्याची मुले. शिवीगाळ हा तेथे हिंसेचा अलंकार नव्हे. ती हिंसेची पहिली कृतीच होय. परंतु परिनिरीक्षणात आक्षेप आला तो गर्भपाताच्या प्रसंगातील पातळावरच्या तांबड्या डागावरही. तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि तो तांबडा समजावा, अशी सूचना प्रेक्षकांस देण्यात आली. रंग बदलला, अर्थ बदलला नाही. उलट, शब्दाने निर्दिष्ट केलेले रक्त प्रेक्षकाला स्वतःच्या मनात पाहावे लागले.

१९७२ सालच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये कर्ता अनेकवचनी झाला. रांगेने उभ्या असलेल्या ब्राह्मणांचा मानवी पडदा कधी गातो, नाचतो; कधी पाठ फिरवून मागचे झाकतो. घाशीरामला अधिकार देणारा नाना अखेरीस त्याला जमावाच्या स्वाधीन करतो आणि स्वतः अबाधित राहतो. येथील हिंसेची रचना प्रयोजक आहे : करणारा निराळा, करविणारा निराळा.

नागराज मंजुळे ह्यांच्या चित्रपटांत आणखी एक पालट दिसतो. ‘फँड्री’च्या (२०१३) शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो, तटस्थ मानलेला पाहणारा कर्त्यांच्या पंक्तीत बसविला जातो. ‘सैराट’मध्ये (२०१६) आर्ची आणि परशा ह्यांची हत्या प्रत्यक्ष दाखविलेली नाही. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची त्यांना चहा करते. त्यानंतर दिसतात ती प्रेते, निःशब्द पडद्यावर रडणारे मूल आणि त्याची रक्ताळलेली पावले. क्रिया गाळली आहे. तथापि नात्यावरूनच कर्ता ओळखू येतो.

क्रिया दृष्टीआड गेल्याने हिंसा सौम्य होत नाही, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे. केवळ रक्ताचा रंग तपासणाऱ्या परीक्षणास कर्ता दिसत नाही. ज्या समाजात मुलीच्या हत्येस ‘इज्जत’ हे नाव मिळते, तेथे त्या वाक्याचा कर्ता परत जागेवर आणून ठेवणे, हे कलेचे अल्प कार्य नव्हे.