दोन वेशींची साक्ष

मोर्णेच्या काठीं वसलेल्या जुन्या अकोला शहरांत असदगड किल्ल्याचे अवशेष आहेत. त्याच्या दहीहंडा वेशीवरील शिलालेख औरंगजेबाची कारकीर्द आणि त्याचा वजीर नबाब असदखान यांचा निर्देश करतो. आगरवेशीवरील लेखांत मात्र हा किल्ला १८४३ सालीं गोविंद आप्पाजीनें बांधल्याचें म्हटलें आहे. सुमारें १८७० सालीं इंग्रजांनीं किल्ल्याचा बराच भाग पाडला. त्यामुळें उरलेल्या अक्षरांचें मोल अधिकच आहे.

या विसंगतीचा निवाडा कोणीं करावा? मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांचीं दप्तरें उजेडांत आणिलीं. बुलढाण्याच्या यादव माधव काळे यांनीं १९२४ सालीं ‘वऱ्हाडचा इतिहास’ सिद्ध केला. आज तर आपला व्यवसाय सांभाळून, दूरदेशींच्या अभ्यासकांकडून इतिहासाची शिस्त घरबसल्या शिकतां येते. तेव्हां वकील, शिक्षक, वैद्य यांनीं ती शिकावी आणि प्रथम आपल्या गांवच्या वेशीवर वापरावी. लेखाचा ठसा घ्यावा, सन ताडून पाहावा, मूळ बांधणी कोणती व मागाहून झालेलें काम कोणतें हें शोधावें, आणि निघालेला निष्कर्ष वेशींतून नित्य ये-जा करणाऱ्यांना समजेल अशा भाषेंत सांगावा. ज्या दगडाचा अर्थ गांवाला ठाऊक असतो, त्याची राखणही गांवच करतें.