जुन्या घरांची दारे

ज्युबिलीच्या वर्षी दाराचा विचार मनात यावा, हे ख्रिस्तसभेच्या परंपरेस धरूनच आहे. इ. स. १३०० मध्ये पोप आठवे बोनिफास यांनी पहिली ज्युबिली घोषित केली, आणि पुढे पंधराव्या शतकात पवित्र दार उघडून त्या वर्षाचा आरंभ करण्याचा प्रघात रोम शहरी पडला. आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवानिमित्त आम्ही मुंबईतील जुन्या ख्रिस्ती घरांच्या दारांविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. कारण ही दारे एकामागून एक नाहीशी होत आहेत, व त्यांच्यामागोमाग घरेही.

गिरगावातील खोताची वाडी वाचकांच्या परिचयाची आहेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी आपल्या जमिनीचे तुकडे येथील ख्रिस्ती कुटुंबांस विकले, आणि ही वसाहत उभी राहिली. याच समाजाने पुढे १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. माझगावची म्हातारपाखाडी व वांद्र्याचे रणवार ही त्याच कुळातली. लाकडी कठडे, पुढे ओटा, बाहेरून चढणारा जिना, वर कौले व दर्शनी दोन झडपांचे सागवानी दार, असा या घरांचा सर्वसाधारण थाट. मंगळुरास बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला; ब्रह्मदेशच्या सागवानाचा व्यापार करणारी बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ साली मुंबईतच स्थापन झाली. तेव्हा या घरांचा इतिहास केवळ एका वाडीचा नव्हे. त्या काळच्या सबंध व्यापाराचा तो इतिहास होय.

खोताच्या वाडीत पूर्वी सुमारे ६५ घरे होती, असे सांगतात. आज त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. असा नाश थांबावा म्हणून १९९५ साली मुंबईत वारसावास्तूंविषयीचे नियम लागू झाले. एकेकट्या इमारतींबरोबर सबंध वस्त्यांनाही त्यांत संरक्षण मिळाले, आणि खोताची वाडी त्या यादीत आली. यादीतील वास्तूचे बाह्यरूप पालटावयाचे तर महानगरपालिकेची पूर्वपरवानगी लागते, व वारसा समितीचे मत घेतले जाते. ‘माझ्या घराचे दार मी बदलले तर कोणाचे काय गेले?’ असा प्रश्न पुष्कळ जण करतात. उत्तर असे की, दाराची आतली बाजू घरधन्याची खरी. परंतु बाहेरची बाजू गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाची असते. एका घरास लोखंडी दार, दुसऱ्यास काचेचे, तिसऱ्यास चकचकीत प्लायवुडचे, असे होत गेले म्हणजे घरे उभी असूनही वाडी गेलेली असते.

आता व्यवहाराकडे वळू. जुने दार बहुधा सबंध कुजत नाही. पावसाचे शिंतोडे खालच्या बाजूस लागतात, तेथेच लाकूड नासते. बिजागऱ्या सैल होऊन झडप उंबरठ्यास घासू लागते. आणि पावसाळ्यात लाकूड फुगले म्हणजे ‘दार बिघडले’ असा निकाल दिला जातो. जाणता सुतार अशा वेळी नासलेला तुकडाच कापून त्या जागी त्याच जातीचे लाकूड सांधतो. जुन्या पक्व सागवानात अंगचेच तेल असते. वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही. उलट, हलक्या प्लायवुडास ओल सोसत नाही, व समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडास गंज चढावयास वेळ लागत नाही. शिवाय चौकट उखडली म्हणजे भोवतालचा चुन्याचा गिलावा फुटतो. तेथे सिमेंट थापले की भिंतीतील ओल आतच कोंडते. एका दाराचा खर्च असा भिंतीपर्यंत जाऊन पोहोचतो.

तथापि घरधन्यांस केवळ उपदेश करणे न्यायाचे होणार नाही. सागवान महाग, जाणते सुतार दुर्मिळ. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी पुढेही फारशी वाढली नाहीत. तेव्हा जेथे भाडेकरू आहेत तेथे मालकाने दुरुस्ती कोठून करावी? जो समाज एखाद्या विधवेस ‘तुझे दार आमचा वारसा आहे’ असे सांगतो, त्याने त्या दाराच्या खर्चातला वाटाही उचलला पाहिजे. नाहीतर तो वारसा तिच्या एकटीच्या शिरावरचा बोजा होतो, आणि इमारत बांधणारा दलाल दाराशी आला म्हणजे ती बिचारी काय उत्तर देणार?

बदल मुळीच करू नये, असेही आमचे म्हणणे नाही. संत पेत्राच्या महामंदिराचे उदाहरण घ्या. फिलारेते या शिल्पकाराने १४४५ साली पूर्ण केलेली काशाची दारे जुन्या मंदिराची होती. नवे मंदिर झाले, त्याचे द्वार अधिक उंच निघाले. तेव्हा पोप पाचवे पौल यांच्या कारकिर्दीत त्या दारांस वरखाली नवे भाग जोडून ती मध्यद्वारी बसविण्यात आली. त्याच मंदिराचे पवित्र दार मात्र पूर्वी लाकडी होते. ते काढून १९४९ साली व्हिको कोन्सोर्ती यांनी घडविलेले काशाचे दार बसविले, आणि पोप बारावे पायस यांनी त्याच वर्षी २४ डिसेंबरला ते उघडले. सांधता येते तेथे सांधावे. बदलणे भागच पडले तर जागेस शोभेल असे, विचारपूर्वक बदलावे, हा धडा यातून घ्यावयाचा.

म्हणून आमची सूचना अशी. दार काढण्यापूर्वी त्याचे माप व छायाचित्र घ्यावे, जाणत्या सुतारास दाखवावे, परवानगी मागावी, आणि जुन्या कड्या, कोयंडे, बिजागऱ्या भंगारात न घालता नव्या दारास लावाव्यात. ज्यांस खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी धर्मग्रामाने लहानसा निधी उभारावा. ज्युबिलीचे याहून उपयुक्त स्मारक आम्हांस तरी सुचत नाही. प्रभूने स्वतःस दार म्हटले आहे. प्रभुप्रकटीकरणाच्या सणास ज्या चौकटींवर खडूने आशीर्वादाची अक्षरे लिहिली जातात, त्या चौकटी पुढल्या पिढीसही लाभोत, हीच प्रार्थना.