चपड्याला स्पिरिट चालत नाही

चावीच्या फोनोवर रेकॉर्ड लावायची तर आधी पिन बदलावी लागे. एक बाजू वाजली की पोलादी पिन टाकून द्या, असे कंपन्या बजावत, आणि त्यासाठी पिनांच्या पत्र्याच्या डब्या विकत. हा निव्वळ पिना खपवण्याचा डाव वाटतो. थोडाफार असेलही, पण खरे कारण तबकडीच्या पोटात होते. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती तबकडी लाखेची, म्हणजे शेलॅकची. त्या लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी कालवलेली असे. पूड मुद्दाम खरखरीत ठेवत. पहिल्या काही फेऱ्यांत तिने पिनेचे टोक घासून खाचेच्या मापाचे करायचे. असे घासून धार आलेले टोक पुन्हा वापरले की खाच खरवडलीच. त्यामुळे त्या काळी रेकॉर्डची निगा म्हणजे मुख्यतः पिनांचा हिशेब, आणि काटकसरी घरांत तो फारसा पाळला गेला नाही. जुन्या बाजारातल्या नाट्यपदांच्या तबकड्यांवर, जिथे आवाज चढतो नेमके तिथे, करडे पट्टे दिसतात ते त्यामुळेच.

धुळीची फिकीर कमी होती. मखमलीची गादी एकदा फिरवली की काम झाले. उरलेली धूळ तबकडीच्या स्वतःच्या खरखरीत बुडून जाई.

२१ जून १९४८ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची एलपी जगापुढे आणली आणि हे चित्र पालटले. खाच आधीच्या साधारण एक तृतीयांश मापाची, वेग निम्म्याहून कमी आणि पृष्ठभाग गुळगुळीत. आता धुळीचा एकेक कण ‘टिक्’ करून ऐकू येऊ लागला. त्यात व्हिनाइलला स्थिर विजेची खोड: कोरड्या फडक्याने जितके पुसावे, तितकी धूळ चिकटते.

इंग्लंडमध्ये सेसिल वॉट्स या ध्वनिमुद्रण तंत्रज्ञाने १९५०च्या दशकात यावर ‘डस्ट बग’ काढला. एक हलका दांडा, त्याला बारीक ब्रश आणि मऊ गादी. रेकॉर्ड वाजत असताना तो सुईच्या पुढे खाच झाडत जाई. पुढची पायरी पर्सी विल्सन यांची. ‘ग्रामोफोन’ मासिकाचे तांत्रिक संपादक राहिलेल्या या गृहस्थांच्या कल्पनेवरून कीथ मंक्स यांनी धुण्याचे यंत्रच बाजारात आणले. त्यात रेकॉर्ड द्रवाने भिजवायची, ब्रशने घासायची आणि मग एक चिमुकली नळी मधल्या लेबलापासून काठाकडे सरकत मळकट पाणी शोषून घ्यायची. नळीचे तोंड रेकॉर्डला थेट घासू नये म्हणून मध्ये नायलॉनचा दोरा, तोही सतत पुढे सरकणारा. बीबीसीच्या संग्रहालयाने ही यंत्रे वापरली.

घरी एवढा थाट लागत नाही. डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. ब्रश खाचेच्या दिशेने फिरवायचा, आडवा नाही. मग साध्या पाण्याने धुऊन रेकॉर्ड उभी वाळवायची. व्हिनाइल धुण्याच्या अनेक द्रवांत थोडे अल्कोहोल असते आणि व्हिनाइलला ते सहसा चालते. घोटाळा होतो तो तीच बाटली आजोबांच्या ७८च्या रेकॉर्डवर उपडी केली की. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो. चपडा म्हणजे हीच लाख. आजोबांच्या रेकॉर्डचेही पॉलिश होते, गाण्यासकट.

कोकण-मुंबईकडे पावसाळा हा वेगळाच शत्रू. दमट कपाटात आधी कागदी पाकिटाला बुरशी लागते, मग तबकडीला. बुरशीचे पाकीट फेकावे, जीव लावू नये. लेबल मात्र जिवापाड जपावे. ओले झाले की शाई पसरते आणि गायकाचे नाव, राग, क्रमांक सगळे जाते.

तरी सगळ्यात जुन्या रेकॉर्डना एक पळवाट असते. १९०२ साली गौहर जान कलकत्त्यात गायली तेव्हा तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना कोण गाते आहे हे कळावे म्हणून कलावंत शेवटी स्वतःचे नाव पुकारत, असे सांगतात. लेबल गेलेली अशी एखादी तबकडी हाती आली, तर ती धुऊन शेवटपर्यंत वाजवून पाहावी.