दर बाळामागे एक दात? एका जुन्या समजुतीची कुळकथा

आज आपण बोलणार आहोत पोटुशा बाईच्या दातांबद्दल आणि हिरड्यांबद्दल. युरोपात एक जुनी म्हण आहे, दर बाळामागे आईचा एक दात जातो. आपल्याकडेही जुनी माणसं सांगतात, बाळंतपणात दात हलके होतात, तेव्हा त्यांना हात लावू नये. ही समजूत आली कुठून, तिच्यात खरं किती आणि तिची किंमत बायांनी कशी मोजली, ते आज पाहू या.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. दात घासणं आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. सुश्रुतसंहितेत दातणाची काडी कशी असावी हे नीट सांगितलं आहे: बारा बोटं लांब, करंगळीएवढी जाड, गाठ नसलेली. कडू झाडांत कडुनिंब चांगला, तुरटांत खैर, तिखटांत करंज. म्हणजे तोंड रोज स्वच्छ ठेवायचं, हे ज्ञान या मातीत फार जुनं आहे.

मग पोर्तुगीजांबरोबर तंबाखू आला आणि हळूहळू तो बायांच्या दातांपर्यंत पोचला. तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा आणि बोटानं हिरड्यांवर चोळायचा. हीच आपली मशेरी. बायांनी ती का धरली, हेही समजून घ्यायला हवं. उगाच नावं ठेवून उपयोग नाही. मशेरीनं दुखरी हिरडी बधिर होते, भूक मरते आणि कामाच्या रगाड्यात दोन मिनिटं बसायला निमित्त मिळतं. गावात दाताचा डॉक्टर नव्हता, त्या काळी ठणका थांबवायचा हाच स्वस्त उपाय होता. दिवस गेल्यावर मळमळ व्हायला लागली की काही जणी उलट ती जास्तच लावायच्या.

शिकलेले दंतवैद्य आपल्याकडे फार उशिरा आले. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कोलकात्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. तिथे शिकलेल्या फातिमा जीना, म्हणजे महंमद अली जीनांच्या भगिनी, यांनी १९२३ मध्ये मुंबईत दाताचा दवाखाना थाटला. एका बाईनं दाताची डॉक्टरीण होणं तेव्हा केवढी मोठी गोष्ट असेल! पुढे १९३३ मध्ये मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय सुरू झालं. पण हे सगळं शहरात. खेड्यातली गरोदर बाई आणि तिची सुजलेली हिरडी यांच्यामध्ये मशेरीची डबीच उभी राहिली.

आता जरा फ्रान्सला जाऊ. पॅरिसमध्ये आडोल्फ पिनार नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. आरोग्य केंद्रात सिस्टर पोटावर नळकांडं टेकवून बाळाचे ठोके ऐकतात ना, ते यांनीच काढलेलं. याच पिनारांनी १८७७ साली लिहून ठेवलं की गरोदरपणात बायांच्या हिरड्या सुजतात आणि त्यांतून रक्त येतं. बायांना हे आधीपासून ठाऊकच होतं. पण डॉक्टरानं नोंदवलं, त्यामुळे तो आता नुसता नशिबाचा भाग राहिला नाही. तो तपासायचा विषय झाला.

तरी कारण कळायला आणखी ऐंशी-नव्वद वर्षं गेली. १९६३ मध्ये हाराल्ड लोए आणि जॉन सिल्नेस या दोन नॉर्वेजियन दंतवैद्यांनी १२१ गरोदर आणि ६१ बाळंत झालेल्या बायकांच्या हिरड्या तपासल्या. दुसऱ्या महिन्यापासून सूज वाढत जाते, आठव्या महिन्यात सर्वांत जास्त असते आणि नंतर उतरते, असं त्यांना दिसलं. दोन वर्षांनी लोए यांनी आणखी एक साधा प्रयोग केला. धडधाकट हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. तीन आठवड्यांच्या आत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर त्या बऱ्या झाल्या.

या दोन्ही गोष्टी जोडून पाहा. हिरड्या सुजवतो तो दातांच्या मुळाशी साचणारा चिकट, जंतूंनी भरलेला थर. गरोदरपणात अंगातले संप्रेरक वाढतात, त्यामुळे एरवी थोड्या थरानं जेवढी सूज आली असती त्यापेक्षा ती जास्त येते. म्हणजे पोटातलं बाळ दोषी नाही. बाळ आईच्या दातांतून चुना ओढून घेतं, ही समजूतही खरी नाही. बाळाला लागणारा कॅल्शियम आईच्या जेवणातून जातो आणि जेवणात कमी पडला तर तिच्या हाडांतून. दातातला कॅल्शियम असा विरघळून रक्तात परत जात नाही.

मग म्हण साफ खोटी का? तसंही नाही. २०१८ मध्ये युरोपातल्या आणि इस्रायलमधल्या पन्नाशी गाठलेल्या सुमारे ३५ हजार लोकांची माहिती तपासली गेली. ज्या बायांना दोन मुलगे किंवा दोन मुली झाल्यावर तिसरं मूल झालं, त्यांचे सरासरी चार दात जास्त पडलेले आढळले. पुरुषांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे दात खरंच जातात. उलट्यांतलं आम्ल दातांवर येतं, मळमळीमुळे घासणं टळतं, थोडं थोडं सारखं खाल्लं जातं आणि दुखणं "बाळंतपण झाल्यावर बघू" म्हणून मागे टाकलं जातं. नंतर तान्हं बाळ, मग दुसरं. बाईची पाळी येतच नाही.

आणखी एक प्रश्न डॉक्टरांनी विचारला. हिरड्यांच्या रोगामुळे बाळ लवकर किंवा कमी वजनाचं जन्मतं का? १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दोन्हींचा संबंध दिसला आणि मोठी आशा निर्माण झाली. पण २००६ मध्ये ८२३ गरोदर बायांवर झालेल्या चाचणीत हिरड्यांवर उपचार करूनही अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी झाली नाहीत. तरीही त्या चाचणीनं एक मोलाची गोष्ट दाखवली: गरोदरपणात दात आणि हिरड्या साफ करून घेतल्यानं आईला किंवा बाळाला अपाय झाला नाही आणि हिरड्या बऱ्या झाल्या. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनंही सांगितलं की गरोदरपणात दातांचे उपचार सुरक्षित आहेत, ते टाळू नका.

मशेरीचा हिशेब मात्र वेगळा निघाला, आणि तो आपल्या मुंबईतच झाला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायांची नोंद ठेवली होती. ज्या बाया मशेरी किंवा दुसरा तंबाखू वापरत होत्या, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं आणि ती सुमारे सहा दिवस आधी जन्मली. १९९२ मध्ये सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्यावर कोण पहारा ठेवणार? ते आपल्यालाच करायचं आहे. सोडणं सोपं नाही, म्हणून आशाताईंची आणि डॉक्टरांची मदत घ्या. त्यात लाज कसली!

मग करायचं काय? दिवसातून दोनदा मऊ ब्रशनं घासा. रक्त आलं म्हणून थांबू नका, थर राहिला तर रक्त वाढतं. उलटी झाल्यावर लगेच घासू नका. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून चूळ भरा आणि अर्ध्या तासानं घासा. हिरडीवर लाल गाठ आली तर घाबरू नका. ती बहुतेक वेळा कॅन्सरची नसते आणि बाळंतपणानंतर उतरते, पण दाखवा जरूर. दाढ भरायची किंवा काढायची असेल तर चौथा ते सहावा महिना सोयीचा. सूज गालापर्यंत आली किंवा ताप आला, तर महिना न मोजता लगेच जा. डॉक्टरांना आधी सांगा की दिवस गेले आहेत, कारण टेट्रासायक्लिनसारख्या काही औषधांनी बाळाच्या दातांवर डाग पडतात. मनानं गोळ्या घेऊ नका.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. वजन, रक्तदाब, पोट सगळं बघतात. तिथे तुम्हीच म्हणा, "ताई, माझं तोंडही बघा." आणि घरातल्या सासूबाईंनो, सुनेला तुम्हीच सोबत घेऊन जा. तुमचे दात गेले ते बाळांमुळे नव्हे. तुमच्याकडे तेव्हा कुणी पाहिलंच नाही, म्हणून गेले. तिचे राहू द्या.